अंदाजे वय बारा

मी मूळची अंजूरची. खाडीच्या अंगाला घर, बापूस भाताचं शेत करायचा नि भरती-ओहोटी बघून जाळं टाकायला जायचा, आता तिथं गोदामंच गोदामं झालीत, माहेरी गेली की दोन ट्रकच्या मधून वाट काढून दारात जावं लागतं, आता बोला. जन्मतारीख विचाराल तर येक जून. हसू नका ताई, खरंच येक जून. आयेला तारीख ठावं नव्हती, ती मास्तरांना बोलली, भाताची झोडनी चालली व्हती तवा झाली ही. झोडनी म्हंजे थंडीत की न्हाय? पन मास्तरांनी लिवलं येक जून, कारन शाळा जूनला सुरू, नि ज्याची तारीख ठावं न्हाय त्याला येक जून, ही सगळ्याच मास्तरांची रीत. आमचा निम्मा वर्ग येक जूनचा. तर अशी मी थंडीत जन्मलेली बाई कागदावर जूनची झाली, नि रिटायर झाली मे म्हयन्याच्या शेवटच्या दिवशी, माज्यासारखे आनखी तीन शिपाई त्याच दिवशी, तीच शाल, तोच नारळ.

लग्न करून राहनाळला आली. नवरा भिवंडीत हापिसात शिपाई. कावीळ झाली, आमी गावठी औषध केलं, मग दवाखान्यात नेलं तवा उशीर झाला व्हता. थोरला पाच वर्सांचा, धाकटी काखेत. मी सातवी शिकलेली, तेवढ्यावर त्याच्या जागी मला घेतलं. सासू बोलली, बायामानसानं हापिसात जाऊन काय करायचं? मी बोलली, तुमचा पोरगा करायचा तेच, पानी भरायचं नि टेबलं पुसायची. पन पुढं तीच शेजारनीला सांगायची, आमची सून सरकारात हाय.

आता हापिस कसलं ते सांगते, कारन लोकांना ते कधी कळलंच न्हाय, माज्या पोरांनापन न्हाय. बोर्डावर लांबलचक नाव, ते मला अजून पाठ न्हाय. काम येकच, पोरांच्या वतीनं सरकारशी भांडायचं. नि भांडनारं हापिसपन सरकारचंच. ह्या पाड्यावर अंगनवाडी न्हाय, का न्हाय? ह्या गल्लीतली पोरं लूमच्या, म्हंजे कापडाच्या मागाच्या, सुताच्या कांड्या भरतात, शाळेत कधी घालनार? त्या वसतिगृहात डॉक्टर येत न्हाय, का येत न्हाय? असं दुसऱ्या खात्याला विचारायचं. आमच्या हातात ना शाळा ना दवाखाना, फकस्त पत्र. पत्राला उत्तर न्हाय आलं की स्मरनपत्र येक, मग दोन, मग तीन, मग आमच्या सायबाचं त्यांच्या सायबाला नावानिशी पत्र. कधी कधी व्हायचं पन काम, खोटं कशाला बोलू, अंगनवाड्या झाल्या, पोरं शाळेत गेली. पन त्याला वर्सं लागायची, नि पोरं काय वर्सं लागतात म्हनून थांबत न्हाईत.

मला फायलींची खोली दिली, कारन ती कोनालाच नको व्हती. धूळ, झुरळं, भिंतीला ओल. खालच्या गल्लीत लूम. लूम चालू असले की आमची फरशी थरथरते, आनि मांडनीवरच्या फायली हळूहळू पुढं सरकतात, रातभर सरकत सरकत काठाला येतात. सकाळी आली की माजं पयलं काम, सगळ्या फायली हातानं मागं ढकलायच्या. तीस वर्सं मी हेच केलं बघा, पोरांना मागं ढकललं. मी आपली सहज बोलते, तुमी लिवताय काय ते पन? लिवा बापडं.

फाईल चालू असली की मांडनीवर, बंद झाली की लाल कापडात बांधायची, त्या गठ्ठ्याला आमी रुमाल बोलतो. बंद व्हायच्या तऱ्हा दोन. काम झालं म्हनून येक. नि दुसरी, पोर अठरा वर्सांचं झालं म्हनून. आमचं हापिस पोरांचं, अठरा लागली की ते पोर आमचं न्हाय. दर येक जूनला मी रजिस्टर काढायची नि त्या दिवशी ज्यांना अठरा लागली त्यांच्या फायली बाजूला करायची, आनि त्या दिवशीच ढीगभर निघायच्या, कारन मगाशी सांगितलं तीच मास्तरांची रीत. भाऊसाहेब, म्हंजे आमचे मोठे कारकून, त्यांनी येक शिक्का करून घेतला व्हता, लाभार्थी सज्ञान झाल्याने नस्ती बंद, नस्ती म्हंजे फाईल. मी शिक्का मारायची, ते सही करायचे, मग रुमाल. दुपारच्या जेवनापर्यंत सगळं आटपायचं.

पोरांच्या फायलीत सगळ्यात मोठी भानगड वयाची. कोन कुठून आलेलं, कोन बिहारचं, कोन तेलंगनाचं, दाखला न्हाय, कागद न्हाय. डॉक्टरकडं पाठवायचं तर तिथं पन रांग. मग भाऊसाहेब हाक मारायचे, सुमनबाई, या जरा इकडं, हे किती वर्सांचं असेल बघा. नि मी बघायची. तोंड उघडून दात बघायची, पुढचे पडलेत का, दाढ आलीय का, मनगट हातात धरून बघायची, आयेला विचारायची, हा झाला तवा कंचा सन व्हता, पाऊस व्हता का, थोरला चालत व्हता का. मग सांगायची, सात, न्हायतर नऊ. बाजारात मासली बघावी तशी मी पोरं बघायची ताई, आता सांगताना लाज वाटते, तवा छाती फुगायची. सगळं हापिस बोलायचं, सुमनबाईंचा अंदाज चुकत न्हाय. सातवी शिकलेली शिपाईन, नि बी.ए. झालेले लोक तिला विचारून कागदावर लिवतात, म्हंजे काय कमी झालं का? नि येक गोष्ट भाऊसाहेबांनी शिकवली व्हती, की आया वय खरं सांगत न्हाईत. शाळेत घालायचं तर कमी सांगतात, लूमवर लावायचं तर जास्त. म्हनून शाळेसाठी आलेली आय जे सांगेल त्यात दोन-तीन मिळवायचे.

नरसम्मा आली ती तशीच, शाळेसाठी. तेलुगू लोक, निजामपुऱ्यात राहायचे, नवरा लूमवर, बाई घरात कांड्या भरायची. हाताला धरून पोरगी, पद्मा. पोरीला ऐकू येत न्हाय, त्यामुळं बोलनंपन न्हाय. भाऊसाहेबांनी तिच्या मागं जाऊन जोरात फाईल आपटली, ती वळली न्हाय. ऐकू न येनाऱ्या पोरांची येक राहून शिकायची शाळा, तिथं दहाच्या आतल्यांनाच घेत, कारन हातानं बोलायची भाषा लहानपनीच शिकवावी लागते म्हने. नरसम्माची तेवढीच मागनी, मेरी लड़की को उधर डाल दो. मला हाक आली. मी पोरीची हनवटी धरली, खालचा ओठ बोटानं खाली ओढून दात बघितले. दात बारीक व्हते, खरं सांगते, दात बारीकच व्हते. पन तोंड बघितलं तर दमलेलं, डोळ्याखाली काळं, केसात सूत, हात बघितला तर बोटांना घट्टे, कांड्या भरून भरून. कामाच्या पोरांचं तोंड मोठं दिसतं ताई, हे मला कळायला पायजे व्हतं, माजं सगळं आयुष्य भिवंडीत गेलं. मी बोलली, बारा.

नरसम्मा बोलली, नहीं मॅडम, नौ साल. मला मॅडम बोलली ती, मी शिपाईन. आनि मी काय बोलली, तर भाऊसाहेब, अम्मा को मालूम नहीं, बारा लिवा. तिनं पिशवीतनं चार घड्या घातलेला येक कागद काढला, त्यावर सगळी गोल गोल तेलुगू अक्षरं. भाऊसाहेब बोलले, हे कोनाला वाचता येतंय, नि अर्जाच्या मागं उलटा टाचून टाकला. वाचता न येनारा कागद मागं टाचायचा, तशी आमच्याकडं पद्धतच व्हती, म्हंजे कोनी बोलनार न्हाय की हरवला. नि रकान्यात लिवलं, अंदाजे वय बारा, येक जून.

झालं. शाळेचं पत्र आलं, वय जास्त, घेता येत न्हाय. आता आमचं हापिस भांडायला लागलं. वयाची अट शिथिल करावी, पत्र. स्मरनपत्र. सायब बदलले, नव्या सायबानं पयल्यापासनं पत्र लिवलं. नरसम्मा दोन-तीन म्हयन्यांनी यायची, पोरीला घेऊन, मी सांगायची, भेजा है अम्मा, चिठ्ठी भेजा है. सहा वर्सं. फाईल चांगली जाडजूड झाली, नि ताई, मला तिचा अभिमान वाटायचा, कोनी नवीन आलं की दाखवायची, बघा येका पोरीसाठी आमी किती लिवलंय. मग येक जून आला, पद्माला कागदावर अठरा लागली. मी शिक्का मारला. पुढच्या खेपेला नरसम्मा आली तर बोलली, अब क्या? मी बोलली, अब हो गया अम्मा, बड़ी हो गई. ती पोरीला घेऊन गेली. मला तवा काय पन वाटलं न्हाय. डबा खाल्ला नि कामाला लागली.

नंतर दीडेक वर्सानं वरून हुकूम आला, सगळ्या जुन्या फायली कम्प्युटरात घालायच्या. मशीन घेऊन पोरं आली, ती बोलली, मावशी, टाचन्या काढून द्या, टाचनी असली की मशीन अडतं. दिवाळीनंतरचे दिवस, मी खाली चटई टाकून रुमाल सोडायची, येकेका कागदाची टाचनी काढायची, कागद सुलटा करून ठेवायची. किती वर्सांच्या टाचन्या, गंजलेल्या, बोटं सोलून निघायची. असं करता करता पद्माची फाईल आली. अर्जाची टाचनी काढली नि मागचा कागद सुलटा केला. अक्षरं तेलुगू, पन ताई, आकडे काय तेलुगू नव्हते. आकडे आपलेच. तारीख, म्हयना, वरीस, कोनालापन वाचता येईल असं. मी बोटावर मोजलं. परत मोजलं. वाटलं, दुसऱ्या पोराचा कागद असेल. साडीच्या घडीत ठेवला नि संध्याकाळी तेलुगू शाळेतल्या येका सरांकडं गेली. त्यांनी वाचून दाखवलं, गावच्या दवाखान्याचं लसीचं कार्ड, मुलगी, आयेचं नाव नरसम्मा. तारीख तीच.

म्हंजे ती आमच्याकडं आली तवा दहा पुरी व्हायला तीन म्हयने बाकी व्हते. शाळेनं घेतली असती. आमी सहा वर्सं भांडलो त्या अटीशी, जी त्या पोरीला लागूच नव्हती. नि उत्तर आमच्याच फायलीत, माज्याच मांडनीवर, मी रोज सकाळी हातानं मागं ढकलत व्हती. मी कागद परत साडीच्या घडीत घातला. सर बोलले, पानी देऊ का. मी बोलली, नको.

 मग रविवारी निजामपुऱ्यात गेली. नरसम्मा तिथंच, त्याच खोलीत, केस पांढरे झालेले. नवरा वारला व्हता. पद्मा कापडाची घडी घालायच्या कामाला जाते, रविवार म्हनून घरी व्हती. मला बघितलं नि ती हसली, नि बोटानं सोताचा खालचा ओठ खाली ओढून दात दाखवले. मला कळेना. नरसम्मा बोलली, वो आप का नाम है. पोरीनं माजं नाव ठेवलं व्हतं, दात बघनारी. आयेला विचारायचं असेल की हापिसात कधी जायचं, तर ती ओठ ओढून दाखवायची. तेवढीच काय ती दहा-वीस हातवाऱ्यांची तिची भाषा, आयेनं नि तिनं घरात बनवलेली, जेवन, पानी, काम, बाप, नि त्यात येक शब्द मी. मी रडली ताई. इतकी वर्सं हापिसात कधी रडली न्हाय, नवरा गेला तवा पन चार लोकांसमोर न्हाय रडली, तिथं रडली.

मी तिला सगळं सांगितलं, मोडक्यातोडक्या हिंदीत, कागद दाखवला. तिनं कागद हातात घेतला, बघितला, परत दिला. बोलली, मैं तो बोली थी, नौ साल. बस, तेवढंच. नि परत कांड्या भरायला लागली. ती भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. चहा केला तिनं माज्यासाठी.

सोमवारी आमच्या नव्या म्याडमकडं गेली. लहान बाई, माज्या धाकटीच्या वयाची. तिनं हिशेब केला, बोलली, मावशी, म्हंजे ही अजून सतराची हाय, अठरा व्हायला अकरा म्हयने हायेत, फाईल उघडता येते. लहान शाळा तर गेली, पन मोठ्या मुलींचा येक वर्ग हाय, तीच हाताची भाषा, वाचनं, शिवनकाम, अठराच्या आत नाव लागलं की मग दोन वर्सं ठेवतात. पन वय बदलायचं तर आधीचं वय कोनी नि कसं लावलं ते फायलीत यायला पायजे, नि भाऊसाहेब तर आता हयात न्हाईत. मी बोलली, मी लावलं. म्याडम बोलली, लिहून द्याल? विचार करा, तुमची रिटायरमेंट तोंडावर, उद्या कोनी चौकशी लावली तर मी काय करू शकनार न्हाय. हापिसातले सगळे बोलले, मावशी गप बसा, मेलेल्या मानसावर टाका नि मोकळ्या व्हा. थोरला बोलला, आये, तुला कोन विचारायला आलंय का? तुजं डोकं फिरलंय काय?

फिरलं असेल. मी लिवून दिलं. माज्याच हातानं, सातवीच्या अक्षरात. ह्या मुलीचं वय मी दात बघून बारा सांगितलं. तिच्या आयेनं नऊ सांगितलं व्हतं. मी तिचं ऐकलं न्हाय. खाली सही. म्याडमनं वाचलं, येक शब्द बदलला न्हाय, नि पान क्रमांक टाकून फायलीत लावलं. येवढ्या वर्सांत हजारो कागद हाताखालून गेले, त्यात माजा सोताचा असा हा येकच.

फाईल उघडली. पत्र गेलं. मग माजी ती शाल नि नारळ झाला, भाषनं झाली, सगळे बोलले की मावशीनं रेकॉर्ड पोटच्या पोरासारखं सांभाळलं, मी खाली मान घालून बसली. चौकशी काय लागली न्हाय अजून, लागली तर लागू दे. स्मरनपत्र येक गेलं, दोन गेलं. आता मी घरी बसून काय करू? दर सोमवारी पद्माला सुट्टी काढायला लावते नि तिला घेऊन ठान्याच्या मोठ्या हापिसात जाते, जिथं तिला त्या वर्गात घ्यायची सही व्हायची हाय. दाराबाहेर बाकड्यावर बसतो आमी दोघी. मी हापिसातली बाई हाय, मला ठावं हाय, दारात मानूस दिसलं की फाईल वर येते, न्हायतर खालीच राहते. तिथला शिपाई आधी वसकन अंगावर यायचा, आज्जे, कळवू बोललो ना, घरी जा. मी बोलली, बाबा, मी पन हेच बोलायची लोकांना, तुज्यावर राग न्हाय काढत, पन मी जानार न्हाय. आता तो पानी आनून देतो. जागा येक रिकामी हाय बोलतात, फाईल टेबलावर गेलीय बोलतात, तपासून कळवू बोलतात. पद्मा बसल्या बसल्या येनाऱ्या-जानाऱ्यांची नक्कल करून दाखवते, त्या जाड्या सायबाची चाल अशी काढते की मी पदर तोंडाला लावते. हुशार पोरगी हाय. आतमधी किती भरलंय तिच्या, नि बाहेर काढायला तिला कोनी शब्द दिले न्हाईत.

आता दोन म्हयने उरलेत. दसऱ्याच्या आसपास तिला अठरा लागतील, खरीखुरी. मग परत तोच शिक्का, आमच्या हापिसात माज्या जागी जो कोन बसला असेल तो मारील, त्याचा काय दोष.

दमली मी ताई, खरं सांगते, गुडघे बोलतात, रिक्षात चढताना पद्माच मला हात देते. संध्याकाळी देवाला दिवा लावते. आख्ख्या जगातल्या बाया देवापुढं पोरांसाठी बोलतात, लवकर मोठं होऊ दे. मी येकटीच म्हातारी असेन जी हात जोडून सांगते, देवा, हिला सावकाश मोठी कर, त्या सायबाची सही होईस्तोवर तरी हिला सतराचीच ठेव.